दुष्काळ, दैव आणि देव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्याविषयी बोलण्याचा पहिला अधिकार त्यांच्या विद्यार्थ्यांचा आहे आणि तो त्यांनी प्रास्ताविकात समर्थपणे बजावला आहे. मी सरळ विषयाकडे वळतो. माणसावर संकट कोसळते तेव्हा धर्म त्याच्या नेमका कोणत्या उपयोगी पडतो, हा आजचा प्रश्न आहे. हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या अंगाने मांडला तर हवेत विरून जाण्याचे भय असते. म्हणून मी त्याला जमिनीवर आणतो, आणि तीही आपल्याच जमिनीवर. संकटांत संकट म्हणजे दुष्काळ. कारण रोग एका घरात शिरतो व दुसरे घर सोडतो, पण दुष्काळ सगळ्या गावाला एकदमच पकडतो, आणि शेजाऱ्याला देण्याची शेजाऱ्याची शक्तीच हिरावून घेतो.

१९०१ च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या ३,२६,५२१ भरली. दहा वर्षांपूर्वीच्या मोजणीपेक्षा ती सुमारे पंधरा टक्क्यांनी घटलेली होती. हा आकडा क्षणभर मनात थांबू द्यावा. दहा वर्षांत लोकसंख्या वाढावी अशी आपली साधारण अपेक्षा असते. येथे साडेसहा माणसांमागे एक माणूस नाहीसा झाला होता. काही मेले, काही पोटासाठी परागंदा झाले. जिल्हा तसा नवाच होता. १८६७ च्या सुमारास तो स्थापन झाला, वैनगंगेच्या खोऱ्यातील कष्टाळू शेतकऱ्यांना वरच्या पठारावर वसण्यास उत्तेजन देण्यात आले आणि आज ज्याला आपण बालाघाट शहर म्हणतो ते तेव्हा बुऱ्हा नावाचे लहानसे ठाणे होते. म्हणजे जंगल तोडून बांधी घातलेल्या माणसांची ही पहिली-दुसरीच पिढी होती. तिला दोन तडाखे बसले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा.

धानाच्या मुलखातील दुष्काळाची जात वेगळी असते, हे आपल्यापैकी ज्यांच्या पायांना बांधीचा चिखल लागला आहे त्यांना सांगावयास नको. ज्वारीला पाऊस थोडा मागेपुढे झाला तरी ती तग धरते. धानाला फुलोऱ्याच्या वेळी पाणी लागतेच. १८९६ साली आरंभीचा पाऊस बरा झाला, रोवणी झाली, शेते हिरवी दिसली आणि नेमक्या शेवटच्या टप्प्यात पाऊस थांबला. दाणा भरलाच नाही. लोंब्या पोचट राहिल्या. अशा दुष्काळात माणूस कापणीपर्यंत आशेवर राहतो, म्हणून त्याचा घातही उशिरा आणि एकदम होतो. तीन वर्षांनी, विक्रम संवत १९५६ मध्ये, पावसाने जवळजवळ सगळीकडेच पाठ फिरवली. उत्तर भारतात आजही त्याला ‘छप्पनिया’ म्हणतात.

या माणसांनी त्या चार वर्षांत कोणाचा धावा केला? कशाने तग धरला? सरकारी दप्तरात मदतकामांवरील मजुरांची संख्या मिळते, धान्याचे भाव मिळतात, मृत्यूंची नोंद मिळते. मनाची नोंद तेथे नाही. ती शोधण्यासाठी मला माझ्या विषयाकडे, म्हणजे मराठी साहित्याकडे, जावे लागते. कारण दुष्काळातून वाचलेल्या आणि लिहू शकलेल्या माणसांनी आपल्या मनाची नोंद मराठीत करून ठेवलेली आहे. त्यांत पहिला मान देहूच्या तुकोबांचा.

इ. स. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खन आणि गुजरात येथे भयंकर दुष्काळ पडला. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने त्याचे वर्णन केले आहे. कुत्र्याचे मांस विकले जात होते आणि हाडांची पूड पिठात मिसळली जात होती, असे तो लिहितो. तो बादशहाचा भाट होता. बादशहाच्या राज्यात असे घडले हे लिहिण्यात त्याचा काहीच फायदा नव्हता, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. त्या वेळी शाहजहानचा मुक्काम आपल्याच मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरास होता. तेथे लंगर उघडले गेले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले जात, असेही तो नोंदवतो. याच दुष्काळाने देहूतील एका बऱ्या स्थितीतल्या वाण्याचे घर धुऊन नेले.

तुकोबांनी आपल्या पूर्वायुष्याविषयी अभंगांतून जे सांगितले आहे, ते विलक्षण कोरडे आहे. आईबाप गेले, दुष्काळाने द्रव्य आटले, मान गेला, एक बायको अन्न अन्न करीत मेली, त्याची लाज वाटली, व्यापार बुडाला. एखाद्या वहीत नोंदी कराव्यात तसे ते आहे. वाण्याचीच ती सवय असावी. त्यानंतर मोडकळीस आलेले देऊळ नीट करावे असे मनात आले, एकादशीला कीर्तन करू लागलो, दुसऱ्यांची वचने पाठ केली, असा तो क्रम पुढे चालतो. यात चमत्कार नाही. विठ्ठलाने धान्याची पोती धाडली असे तुकोबा कोठेही म्हणत नाहीत. ज्या देवाने बायकोला वाचवले नाही, त्याचेच पडके देऊळ हा माणूस बांधावयास का घेतो, हा खरा प्रश्न आहे. गेली कित्येक वर्षे मी तो विद्यार्थ्यांना विचारीत आलो आहे आणि त्याचे पाठ्यपुस्तकी उत्तर कोणी दिले की मला वाईट वाटते.

तुकोबांचा आणखी एक अभंग आहे. त्यात ते दिवाळे निघाले, दुष्काळाने पीडा केली, बायको कर्कशा मिळाली हे सारे बरेच झाले असे देवाला म्हणतात. हा अभंग ऐकून काहींना तुकोबा निष्ठुर वाटतात, तर काहींना ते फार पोहोचलेले वाटतात. मला दोन्ही पटत नाही. ज्याचे सगळे गेले आहे, त्याच्याजवळ त्या जाण्याला काही नाव देण्याचे सामर्थ्य तेवढे उरते. ‘बरे झाले’ असे म्हणणे हे त्या सामर्थ्याचे टोक आहे. त्यात उपरोध आहे, हट्ट आहे आणि देवाच्या डोळ्याला डोळा भिडवण्याचे धाडस आहे. हेच तुकोबा दुसऱ्या प्रसंगी देव आपल्यापुरता मेला असे चिडून सांगतात, त्याच्या दारात धरणे धरून बसतात, त्याला कृपण म्हणतात. सुख मिळाल्याच्या बदल्यात दिलेली ही स्तुती नव्हे. संतांनी लोकांना मुकाट सोसावयास शिकवले, असे जे विद्वान म्हणतात त्यांनी तुकोबांची गाथा सलग वाचलेली नसते. मुकाट हा शब्द तुकोबांना अगदीच लागू पडत नाही.

आणि कर्जखतांची गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. महिपतीने दिलेल्या चरित्रात ती येते. वडिलोपार्जित सावकारीची खते तुकोबांनी काढली, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाटणीची म्हणून दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. महिपतीच्या सगळ्याच कथा इतिहास म्हणून घेता येत नाहीत, हे मान्य. परंतु ही कथा लोकांनी शेकडो वर्षे जपली, हाच इतिहास आहे. दुष्काळातून निघालेल्या भक्ताने पहिली गोष्ट कोणती करावी, याची लोकांची कल्पना काय होती? त्याने आपल्या ऋणकोंना सोडावे. भावाच्या हक्काला हात न लावता, फक्त स्वतःच्या वाट्यापुरते सोडावे, हा बारकावाही लोकांनी विसरू दिला नाही. दामाजीपंतांच्या कथेचा मथितार्थही हाच आहे. पंधराव्या शतकात बहामनी राज्यातील मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे लोकांना खुली केली, आणि बिदरच्या दरबारात त्या धान्याची किंमत विठ्ठलाने महाराच्या वेषात जाऊन भरली. यातला देव धान्य आकाशातून पाडत नाही. कोठार माणसानेच उघडावयाचे असते. देव नंतर त्याची जबाबदारी घेतो.

आता मी याच्या अगदी उलट असे एक उदाहरण घेतो. ते तितकेच मराठी आहे, पण आपल्या कीर्तनांत आणि व्याख्यानांत ते सहसा येत नाही. पंडिता रमाबाई यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा रिवाज मोडून त्यांनी आधी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, आणि पुढे मुलीला शिकवले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून देवळात पुराण सांगे आणि जी दक्षिणा मिळेल तीवर निर्वाह करी. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा त्यांच्याजवळचे होते नव्हते ते द्रव्य शास्त्राज्ञेप्रमाणे देवकार्यात आणि दानधर्मात खर्च झाले. नवस केले, अनुष्ठाने केली, उपवास केले. देव प्रसन्न होऊन फळ देईल, असे शास्त्र सांगत होते आणि शास्त्रीबुवा शास्त्राला जागत होते. फळ आले नाही. अंगमेहनतीचे काम या घराण्याला कधी शिकवलेच नव्हते, आणि भीक मागणे स्वाभिमानाला परवडत नव्हते. जंगलात पाला खाऊन दिवस काढावे लागले. अखेरीस वडिलांनी तीर्थाच्या तळ्यात जलसमाधी घेण्याचे ठरवले, तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास म्हणाला की, आता मी मजुरी करतो. तो संकल्प त्या एका वाक्याने टळला; पण वडील, आई आणि बहीण ही तिघे दुष्काळाच्या त्या वर्षांत पाठोपाठ गेली. रमाबाई आणि श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले, तोवर त्या दोघांचा देवांवरील जुना विश्वास संपलेला होता.

हे सर्व रमाबाईंनी स्वतःच लिहिले आहे, आणि वडिलांविषयीच्या कडू भावनेने लिहिलेले नाही. वडिलांनी शेवटी आपल्याला छातीशी धरून काय सांगितले, हे त्या फार मायेने सांगतात. म्हणूनच ती साक्ष जड आहे. अनंतशास्त्री ढोंगी नव्हते. त्यांची श्रद्धा तुकोबांच्या श्रद्धेहून कमी होती, असे म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही. मग एकाला जे तारू शकले त्यानेच दुसऱ्याला का बुडवले?

मला जे दिसते ते असे. धर्म या एका नावाखाली आपण दोन वेगळे व्यवहार करतो. एक सौद्याचा आणि दुसरा सोबतीचा. सौद्यात मी नवस करतो, दान देतो, उपास धरतो, आणि त्या बदल्यात पाऊस, पुत्र, आरोग्य मागतो. चांगल्या दिवसांत हा सौदा चालतो, कारण चांगल्या दिवसांत सगळेच चालते. दुष्काळात तो मोडतो. आणि मोडताना हातचे जे थोडे असते तेही घेऊन जातो, कारण फळ न आल्यास आपलेच काही चुकले असावे, आणखी द्यावे, असे सौदा सांगत राहतो. सोबतीचा धर्म काही आणून देत नाही. तो दुःखाला शब्द देतो आणि ते शब्द ऐकावयास चार माणसे देतो. तुकोबांनी दुष्काळानंतर आरंभले ते एकादशीचे कीर्तन होते. त्यात एकटा माणूस असूच शकत नाही, धरणारे टाळकरी मागे लागतातच. केनेथ पार्गमेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९७ साली धर्म आणि संकटनिवारण या विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. धर्माचा आधार काहींना उभे करतो, तर देवाने आपल्याला टाकले, आपल्याला शिक्षा केली या भावनेने काहींना अधिक खचवतो, अशी वाटणी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केली. आपल्या देहूच्या वाण्याने आणि डोंगऱ्यांच्या कन्येने ती आधीच जगून दाखवली होती, एवढेच मी म्हणेन.

रमाबाईंची कथा मात्र कलकत्त्याला संपत नाही, आणि ती पुन्हा आपल्या प्रांताकडे वळते. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला, १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन काढले. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळला तेव्हा त्या स्वतः येथील दुष्काळग्रस्त भागात आल्या आणि निराधार मुलींना सोबत घेऊन गेल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले. स्वतः पाला खाऊन काढलेले दिवस त्यांना या मुलींच्या डोळ्यांत दिसले असणार. त्यांच्या धर्मांतराविषयी तेव्हा पुण्यात फार वाद झाला आणि मुलींच्या धर्माचे काय होणार हा प्रश्न वर्तमानपत्रांनी कडाडून विचारला. तो प्रश्न अगदीच निरर्थक होता असे मी म्हणत नाही. दुष्काळात पोर हाती लागले की त्याच्या धर्माचा निर्णय अन्न देणाराच करतो, ही गोष्ट साधी नव्हे. पण प्रश्न विचारणाऱ्यांपैकी किती जण मध्य प्रांताच्या गाडीत बसले, हेही त्याच कागदावर लिहावयास हवे होते.

सोबतीचा धर्म असे मी म्हणालो, परंतु त्या सोबतीत कोणाला घ्यावयाचे हे कोण ठरवतो? येथे आपल्या समाजाचा हिशेब फार वाईट निघतो. दुष्काळात सरकारी अन्नछत्रे उघडली गेली, तेव्हा तेथले शिजवलेले अन्न कोणाच्या हातचे, पंगतीत शेजारी कोण, या विचाराने अनेक जण उपाशी राहिले. ओरिसात १८६६ च्या दुष्काळात छत्रात जेवलेल्या माणसांना त्यांच्या जातींनी परत घेतले नाही. त्यांची ‘छत्रखिया’ म्हणून एक वेगळी जातच झाली. भुकेने माणूस मेला असता तर जातीत मेला असता. जेवला म्हणून जातीबाहेर गेला. धर्माने माणसाला संकटात दिलेल्या आधाराची चर्चा करताना ही जात विसरून चालणार नाही.

आणि ज्यांचे सगळे आयुष्यच दुष्काळ होते त्यांचे काय? चोखोबा मंगळवेढ्याचे. चौदाव्या शतकात गावकुसाच्या बांधकामावर वेठीला राबत असता भिंत कोसळून ते मजुरांसह गाडले गेले. ज्या दामाजींच्या नावाने मंगळवेढे ओळखले जाते त्याच गावात, त्यांच्या आधी शंभर वर्षे हे घडले. चोखोबांच्या अभंगांत विठ्ठलाची अपार ओढ आहे आणि महाद्वारापाशीच अडवले जाण्याची वेदनाही आहे. पण त्यांच्या मुलाच्या, कर्ममेळ्याच्या, अभंगांपाशी आपण सहसा थांबत नाही. तो देवाला सरळ विचारतो की, आम्हाला या हीन जन्मात घातलेस, उष्टे खाण्यात आमचा जन्म गेला, याची तुला लाज कशी वाटत नाही. बाप ज्या आधारावर जगला तो आधार मुलाला पुरेनासा झाला होता. एका पिढीत एवढे अंतर पडले, आणि ते मराठी काव्यात नोंदले गेले, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

कर्ममेळ्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास सहाशे वर्षे लागली. विदर्भात किसन फागूजी बनसोड्यांसारख्या कार्यकर्त्यांनी चोखोबांचे नाव घेऊन समाज जागा करण्याचा प्रयत्न केला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. १९५४ मध्ये ते आपल्या शेजारच्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले व हरले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला, आणि त्या दिवशी व त्यानंतर वैनगंगेच्या खोऱ्यातील कितीतरी कुटुंबांनी बुद्धाला शरण जाणे पसंत केले. त्यांतल्या अनेक घरांतून चोखोबांची तसबीर उतरली. वारकरी म्हणवणाऱ्या मंडळींना याचे दुःख झाले. मलाही तरुणपणी थोडे झाले होते. परंतु ज्याला पायरीपर्यंतच येऊ दिले, त्याने पायरी सोडली याबद्दल आत बसलेल्यांनी रडू नये. संकट सोसण्यासाठी धर्म हवा, ही गरज त्या लोकांनी नाकारली नाही. सोसावे लागू नये असा धर्म त्यांनी निवडला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, भंडारा तिकडे गेला, आपण इकडे राहिलो. पण अठरा दिवसांच्या अंतराने आलेल्या या दोन तारखांपैकी माणसांच्या आयुष्यात अधिक फरक कोणत्या तारखेने पडला, हे ज्याने त्याने आपल्या मोहल्ल्यात विचारून पाहावे.

आता शेवटी पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे येतो. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या धर्माची नोंद ग्रंथांत कमी आणि रिवाजांत अधिक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याकडे नारबोद गावाबाहेर नेतात. नागपुरात तीच मारबत होते. तेथील काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात, आणि तिच्याबरोबरचे बडगे आता महागाईवर व पुढाऱ्यांवर बोलतात. आपल्या खेड्यांत अजूनही पोरेसोरे आरोळ्या देत खोकला, ताप, ढेकूण, डास, पिकावरची कीड यांना एकेकाचे नाव घेऊन शिवेबाहेर हाकलतात. सुशिक्षितांना हा पोरखेळ वाटतो. पण दिवस पाहा. ऐन पावसाळ्याचा शेवट, घरातले जुने धान्य संपत आलेले, नवे अजून पोटरीत, हिवतापाचा हंगाम. वर्षातल्या सर्वांत कठीण आठवड्यात सगळे गाव रस्त्यावर येते आणि आपल्या पीडांची यादी मोठ्याने ओरडून सांगते. त्यात देवाशी सौदा नाही, कोणाला दक्षिणा नाही. ज्याच्या घरात ताप आहे त्याला त्या सकाळी कळते की ताप सगळ्यांच्याच घरात आहे. आणि दिवाळीनंतर धान हाती आले की मंडई भरते, दंडार उभी राहते.

बैहर पठारावरील बैगांची गोष्ट मला याहून अवघड वाटते. धरतीमातेच्या छातीवर नांगर चालवणे पाप आहे, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून ते बेवर करीत, म्हणजे झाडे तोडून, जाळून त्या राखेत बी टाकीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगल खात्याने बेवर बंद करीत आणली. १८९० मध्ये मंडल्याकडे ‘बैगा चक’ म्हणून थोडा मुलूख तेवढा मोकळा ठेवला. बालाघाटचे डेप्युटी कमिशनर ब्लूमफील्ड यांनी १८८५ मध्ये बैगांविषयी टिपण लिहिले, आणि व्हेरिअर एल्विन यांचा ‘द बैगा’ हा मोठा ग्रंथ १९३९ मध्ये आला. म्हणजे दुष्काळ येण्याच्या आधीच या लोकांचे उपजीविकेचे साधन गेलेले होते, आणि उरलेले साधन त्यांच्या धर्माला वर्ज्य होते. येथे धर्म आधार होता की ओझे? सरकारी अधिकाऱ्यांनी ओझे म्हटले. मला एवढेच दिसते की पेरणीपूर्वी बिदरीला बियाणे मंतरून देण्यासाठी, रोगराईत गावाची शीव बांधण्यासाठी गोंडच काय, इतर गावकरीही बैगालाच बोलावीत आले. ज्याच्या स्वतःच्या कोठीत दाणा नव्हता, तो सगळ्या गावाच्या दाण्याची राखण करीत होता. त्या कामाने त्याचे पोट किती भरले कोणास ठाऊक, पण गावात त्याची गरज होती. आणि आपली कोणालातरी गरज आहे, हे उपाशी माणसाला लागणारे दुसरे अन्न आहे.

१८९७ फार दूरचे वाटते म्हणून २०२१ ची आठवण देतो. त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माणूस गेले. त्या शोकाविषयी मी ज्या ज्या कुटुंबांशी बोललो, तेथे औषध मिळाले नाही याच्या बरोबरीने एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली: खांदा द्यावयास चार माणसे आली नाहीत, तेराव्याला कोणी बसले नाही. आदल्या वर्षी, २०२० मध्ये, पंढरीची वारी पायी निघाली नव्हती आणि संतांच्या पादुका बसमधून गेल्या होत्या. देव तेव्हाही पंढरपुरातच उभा होता. ज्याची उणीव लोकांना भासली ती रस्त्यावरच्या दिंडीची होती.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना मी एक काम सुचवून रजा घेतो. छप्पनच्या दुष्काळाच्या गोष्टी ज्यांनी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकल्या, अशी माणसे आपल्या जिल्ह्यात अजून आहेत. ती ऐंशीच्या पुढे आहेत. लांजी, वारासिवनी, कटंगी, बैहर, रामपायली या सगळ्या बाजूंना या शाळेची मुले पसरलेली आहेत. त्यांनी घरच्या म्हाताऱ्यांपाशी वही घेऊन बसावे आणि विचारावे: त्या वर्षी काय खाल्ले, कोणते गाव उठले, कोणत्या देवाला काय बोललात, माताबाईच्या चौथऱ्यावर कोण जमत होते आणि कोणाला लांब उभे केले होते. उत्तरे मराठीत असोत, पोवारीत असोत, गोंडीत असोत, जशी येतील तशीच लिहून घ्यावीत. भाषा सुधारू नये. सांगणाऱ्याचे गाव आणि वय वर लिहावे. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानापर्यंत अशा पंचवीस वह्या शाळेच्या ग्रंथालयात जमल्या, तर पुढच्या वक्त्याला माझ्यासारखे देहू-मंगळवेढ्यापर्यंत हिंडावे लागणार नाही.